प्रिंट कशी आहे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘प्रिंट कशी आहे?’ माझ्या वयाच्या सोळाव्या वर्षी लोक मला सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न विचारायचे. साल १९८६. आमचा तेव्हा ठाणे जिल्हा होता, पालघर जिल्हा व्हायला अजून अठ्ठावीस वर्षं होती. माझ्या मामूंनी तलासरीला, हायवेपासून जरा आत, एका पत्र्याच्या खोलीत व्हिडिओ पार्लर काढलं होतं. एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर, खाली ताडपत्री आणि दारात मी. तिकीट एक रुपया. वापी-उंबरगावच्या कारखान्यांतून सुटलेले मजूर, बाजाराच्या दिवशी पाड्यांवरून उतरलेली माणसं दारात थांबायची, रुपया मुठीत घट्ट धरायची आणि विचारायची, ‘प्रिंट कशी आहे?’

मामूंचं उत्तर ठरलेलं होतं. ‘एकदम क्लिअर.’ मी मात्र खरं सांगायचो. ‘डोकी जरा कापलीत. गाण्यात खरखर आहे. मधे दहा मिनिटं पाऊस पडतो.’ पाऊस म्हणजे चित्रावरच्या रेघा. मामू चिडायचे. म्हणायचे, ‘बेटा, तू धंदा करणार नाहीस. तू मास्तर होशील, नाहीतर शायर.’ त्यांची अर्धी वाणी खरी ठरली. पुढे मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि कविता लिहीत बसलो. पण प्रिंट पारखायची सवय गेली नाही. मामूंचं पार्लर कधीच बंद झालं. कॅसेट गेली, व्हीसीडी आली. व्हीसीडी गेली, डीव्हीडी आली. आता सिनेमा मोबाइलमध्ये आला. प्रश्न मात्र तोच आहे. घरी बघायला मिळालेला सिनेमा चांगला उतरलाय की नाही, हे ओळखायचं कसं?

पहिला धडा मला अब्बांनी दिला. अब्बा डहाणूला रेडिओ दुरुस्त करायचे. दुरुस्त झालेला रेडिओ गिऱ्हाइकाच्या हातात देताना ते आवाज मोठा करत नसत, लहान करत. इतका लहान की शब्द जेमतेम कानावर पडावेत. म्हणायचे, ‘मोठ्या आवाजात सगळेच रेडिओ चांगले. लहान आवाजात शब्द कळला तर काम झालं.’ सिनेमाची तबकडी पारखताना मी आजही हेच करतो. आवाज कमी करतो आणि बघतो, नटाचं वाक्य कळतंय का. चित्राचंही तसंच. टीव्हीवर ‘व्हिव्हिड’ नावाची एक सोय असते, ती आधी बंद करतो. रंग भडक केले की कुठलंही चित्र दुकानात छान दिसतं. खरं चित्र दिसतं ते रंग खाली आणल्यावर.

आता एका सिनेमाचंच उदाहरण घेऊ. ‘जैत रे जैत’. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, साल १९७७. कर्नाळ्याच्या मुलखातल्या ठाकर आदिवासींची गोष्ट. नाग्या नावाचा ढोलिया, मधमाशी चावून त्याचा डोळा जातो आणि तो लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणीमाशीशी वैर धरतो. नाग्या झालेत मोहन आगाशे आणि चिंधी झालीय स्मिता पाटील. गाणी ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. माझ्यासारख्याला या सिनेमाचं वेड लागायला एवढं पुरेसं होतं. त्यातून दिग्दर्शक पटेल आणि भाषा अशी मराठी! आमच्या घरी त्याचं वेगळं अप्रूप होतं.

हा सिनेमा मी चार वेळा, चार रूपांत पाहिला. पहिल्यांदा मामूंच्या पार्लरमध्ये, कोणीतरी दूरदर्शनवरून उतरवून घेतलेल्या कॅसेटवर. दुसऱ्यांदा १९९१ साली मुंबईत, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला, खऱ्या पडद्यावर, खऱ्या फिल्मवर. तिसऱ्यांदा व्हीसीडीवर आणि चौथ्यांदा डीव्हीडीवर. तबकड्या कुठल्या कंपनीच्या होत्या ते सांगत नाही. तो मुद्दाच नाही.

पार्लरमध्ये तो लागला त्या दिवशी मागच्या भिंतीला टेकून एक वयस्क वारली बसला होता. स्वतः ढोल वाजवणारा. सिनेमा संपल्यावर मी हौसेनं विचारलं, ‘बाबा, कसा वाटला?’ तो म्हणाला, ‘ढोल दिसतो. ऐकू येत नाही.’ एवढंच बोलला आणि गेला. मला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असेल. पाच वर्षांनी मुंबईच्या त्या खेळात ढोल वाजला तेव्हा खुर्चीचा हात माझ्या तळव्याखाली थरथरला. म्हाताऱ्याचे कान ठीक होते. आमच्या टीव्हीच्या मुठीएवढ्या स्पीकरमधून ढोलाची टिपरी ऐकू येत होती, घुमारा येत नव्हता.

म्हणून पहिला नियम, तबकडीला दोष देण्याआधी आपल्या घरच्या यंत्राला द्या. पातळ टीव्हीच्या पाठीत स्पीकर दडवलेले असतात, त्यांतून ढोल येत नाहीच. एकदा चांगला हेडफोन लावून ऐका. तरीही ढोल आला नाही, तर मग कंपनीकडे बोट दाखवा.

आता थोडा हिशेब. व्हीसीडीवरचं चित्र आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके मिळून बनतं. गुणाकार केला तर साधारण एक लाख ठिपके. डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांच्या वर. ब्लू-रेमध्ये १९२० गुणिले १०८०, वीस लाखांच्या वर. आणि आज ज्याला ‘फोर के’ म्हणतात त्यात ऐंशी लाखांच्या वर. आकडे ऐकून वाटतं, संपला प्रश्न. जास्त ठिपके तिथे चांगलं चित्र.

पण तसं होत नाही. ठिपके हे भांडं आहे. भांडं मोठं म्हणून दूध चांगलं, असं नसतं. जुन्या कॅसेटवरूनच डीव्हीडी काढली, तर चार लाख ठिपक्यांच्या भांड्यात कॅसेटचंच पातळ दूध येतं. सिनेमा कशावरून उतरवला आहे, मूळ निगेटिव्हवरून, थिएटरात फिरून आलेल्या प्रिंटवरून की टीव्हीसाठी केलेल्या टेपवरून, यावर निम्मं ठरतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की आधी काना-मात्रा जातात, मग अक्षरं, तसंच हे. तबकडीच्या वेष्टनावर नटनट्यांचे फोटो असतात, ही माहिती सहसा नसते.

उरलेलं निम्मं ठरतं ते सिनेमा किती दाबून भरला आहे यावर. या तबकड्या प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. मागच्या चित्रापेक्षा पुढच्यात काय बदललं, तेवढंच लिहून ठेवतात. नटी खुर्चीत बसून बोलत असेल तर बदल थोडा, काम सोपं. पण वाऱ्यावर हलणारं भाताचं शेत, पाऊस, धूळ, समुद्र यांत क्षणाक्षणाला सगळंच बदलतं. मग त्या बिचाऱ्या यंत्राची तारांबळ उडते आणि चित्रावर चौकडीच्या लुंगीसारखे चौकोन दिसू लागतात. म्हणून मी चेहरा बघून तबकडी पारखत नाही, पान आणि पाणी बघून पारखतो. डहाणूच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत. वारा आला की त्यांच्या सुया बारीक बारीक हलतात. ज्या तबकडीला सुरू दाखवता येतो, ती बाकी काहीही दाखवू शकते. माझ्या व्हीसीडीवर ‘जैत रे जैत’चं रान हिरव्या फरश्या बसवल्यासारखं दिसत होतं. डीव्हीडीवर पानं परत आली.

दुसरी परीक्षा वर्तुळाची. आमच्याकडे तारपा नाच असतो. नवं भात आलं की दिवाळीपर्यंत पाड्यापाड्यांवर चालतो. मधे तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेली माणसांची साखळी. ही साखळी वळते, पुढे जाते, मागे येते, पण तारप्याकडे पाठ करत नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हा नाच गेरूच्या भिंतीवरून कागदावर आणला आणि जगभर नेला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांची चित्रं आठवा. मागे एक मातकट रंग, वर तांदळाचा पांढरा. दोन रंग, बस्स. ठिपके मोजायला गेलात तर चित्र ‘गरीब’च. पण वर्तुळ पूर्ण असतं, प्रत्येक माणूस आपल्या जागेवर असतो आणि मधला तारपेवाला मधेच असतो.

सिनेमाच्या चौकटीचं नेमकं हेच बिघडतं. १९५९च्या ‘कागज़ के फूल’पासून आपल्याकडे सिनेमास्कोप आला. पडदा उंचीच्या सव्वादोन पटींपेक्षाही जास्त रुंद झाला. जुना टीव्ही मात्र चारास तीन, जवळपास चौरसच. त्या टीव्हीवर रुंद चित्र पूर्ण दाखवायचं तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. गिऱ्हाईक म्हणतं, ‘पैसे पूर्ण घेतले आणि पडदा अर्धा दिला!’ म्हणून कंपन्या दोन्ही बाजू कापून मधला भाग तेवढा दाखवायच्या. शंभरातले चाळीसच्या वर भाग गेले. तारप्याच्या नाचाचं असं झालं तर निम्मी साखळी चौकटीबाहेर. नाचणारे तेवढेच, दिसणारे निम्मे. काळी पट्टी फसवत नाही. कापलेलं चित्र फसवतं, कारण काय गेलं ते कळतच नाही.

आता उलट झालं आहे. टीव्ही रुंद आले आणि जुने सिनेमे जवळपास चौरस आहेत. मग ते ताणून बसवतात. १९३६चा प्रभातचा ‘संत तुकाराम’ असा ताणलेला मी एका घरी पाहिला. विष्णुपंत पागनीसांचा तो कृश, हरवलेला तुकाराम चांगला खात्यापित्या घरचा दिसत होता. घरातल्या कोणाला काही वाटलं नाही. सोपी परीक्षा आहे, चित्रात कुठेतरी चाक, थाळी, भाकरी किंवा पुनवेचा चंद्र शोधा. तो गोल असेल तर ठीक. अंड्यासारखा दिसला तर रिमोट उचला आणि चौकट दुरुस्त करा. बहुतेक वेळा दोष तबकडीचा नसतोच, आपल्या आळसाचा असतो.

तिसरी परीक्षा चेहऱ्यांची, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. चित्र ‘उठावदार’ दिसावं म्हणून त्यातला काळा अधिक काळा आणि पांढरा अधिक पांढरा करतात. शहरातल्या दिवाणखान्यात घडणाऱ्या सिनेमाचं त्यानं फारसं बिघडत नाही. पण सावळी माणसं, रात्रीची वेळ, शेकोटीचा उजेड असं असलं की माणसं गायब होतात. उरतात ते नुसते डोळे आणि दात. पार्लरमध्ये असा एक रात्रीचा प्रसंग चालू असताना पुढे बसलेली पोरं हसायला लागली. त्यांतला एक म्हणाला, ‘आपल्याला काळोखात ठेवलंय.’ तेव्हा मीही हसलो होतो. आज हसत नाही. ज्यांच्यावर सिनेमा काढला, त्यांचेच चेहरे दिसू नयेत आणि कंपनीनं वर ‘डिजिटल क्वालिटी’ छापावं, यात हसण्यासारखं काय आहे?

रंगांचंही एक सांगतो. त्या काळच्या रंगीत फिल्ममध्ये निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि गुलाबी मागे राहतो. तबकडीवर आभाळ फिकट, पानं तपकिरी आणि सगळ्यांचे गाल गुलाबी दिसले, तर समजावं की ती उतरलेल्या प्रिंटवरून काढली आहे.

आता आवाज. व्हीसीडी घरी आणली त्या रात्री मी पेटी घेऊन बसलो. मला गाता येत नाही, पण पेटीवर सूर शोधायला आवडतं. गाण्यांची कॅसेट माझ्याकडे होती. तिच्यावरून काळी एक धरलेली होती. व्हीसीडी लावली आणि काळी एक लागेचना. पांढरी दोन दाबली, तीही नाही. गाणं दोन्हींच्या मधे कुठेतरी, पांढरी दोनच्या जरा अलीकडे जाऊन बसलं होतं. मला वाटलं पेटी बिघडली. मग वाटलं कॅसेटचा पट्टा सैल झाला असेल, तेही होऊ शकतं. शेवटी एका जाणकारानं उलगडा केला. सिनेमाची फिल्म सेकंदाला चोवीस चित्रं दाखवते. आपल्याकडची टीव्हीची पद्धत पंचवीसची. चोवीसचे पंचवीस करायचा सोपा उपाय म्हणजे सिनेमाच थोडा पळवायचा. शंभराला चार इतका. दोन तासांचा सिनेमा एक तास पंचावन्न मिनिटांत संपतो आणि प्रत्येक गळा पाऊण सूर, म्हणजे पेटीच्या जवळपास पाऊण पट्टीनं वर चढतो. आवाज दुरुस्त करून मूळ पट्टीला आणता येतो, पण त्यासाठी कोणीतरी कान देऊन ऐकावं लागतं. सगळ्याच तबकड्यांत असं होतं असं नाही, आणि ब्लू-रेवर चोवीसचे चोवीस ठेवता येतात. पण पडद्यावरचा माणूस जरा जास्तच लगबगीनं चालतोय असं वाटलं तर घड्याळ लावून बघा.

मी कवी असल्यामुळे माझं आणखी एक दुखणं आहे. जुन्या आवाजपट्टीवर पंख्यासारखी एक सूं सूं असते. ती घालवायला यंत्रं आहेत. पण त्या यंत्राला सूं सूं कुठली आणि ‘स’ कुठला हे नेहमीच कळतं असं नाही. दोन्ही वरच्या पट्टीतले, हवेचे आवाज. मग सफाईच्या नादात ‘स’, ‘श’ बोथट होतात. मराठीत तर ‘चमचा’तला ‘च’ वेगळा आणि ‘चिंच’मधला वेगळा. ‘जहाज’मधला ‘ज’ आणि ‘जीव’मधला ‘ज’ही वेगळे. बोलीतल्या संवादात तर सगळी गंमत याच फरकात असते. खराब आवाजात हे सगळे भाऊ एकाच चेहऱ्याचे होतात. प्रेक्षकाला वाटतं, बोली समजत नाही. बोली समजते हो, तिची धार काढून घेतलेली असते.

आणि वेष्टनावरच्या ‘डॉल्बी’ला भुलू नका. आपल्याकडे डॉल्बी म्हणजे वरातीत छाती दडपून टाकणारी भिंत असा समज आहे. जुने सिनेमे एका आवाजपट्टीचे होते. सगळा आवाज समोरून यायचा. तो ओढूनताणून पाच बाजूंना वाटला की आई समोर उभी असते आणि तिचा आवाज मोरीतून येतो.

मग सफाई करूच नये का? तसं मी म्हणत नाही. २०२४ साली श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ नव्यानं दुरुस्त होऊन कान महोत्सवात दाखवला गेला. तोच तो १९७६चा सिनेमा, ज्यासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं ते काम केलं. मूळ निगेटिव्ह शोधलं, रेघा नि डाग काढले आणि मुख्य म्हणजे रंग-उजेड ठरवताना बेनेगल आणि छायाचित्रकार गोविंद निहलानी यांना विचारलं. ज्यांनी तो प्रकाश कॅमेऱ्यात पकडला, त्यांनीच सांगितलं की इथे इतकाच उजेड होता. त्याच वर्षी डिसेंबरात बेनेगल गेले. दोन वर्षं उशीर झाला असता तर त्यांना विचारता आलं नसतं.

यातली गोम लक्षात घ्या. डाग वेगळे आणि फिल्मचे कण वेगळे. फिल्मवरचं चित्रच मुळी बारीक कणांचं बनलेलं असतं. डाग पुसावेत, कण ठेवावेत. ओट्याचे डाग पुसता पुसता कोणी फरशीच खरवडत नाही. पण कण पुसले की चेहरे मेणाचे दिसतात. सुरकुत्या जातात, खपाटीची पोटं गुळगुळीत होतात आणि लोक म्हणतात, ‘वा, काय क्लिअर!’ मामूंचाच शब्द.

आणि मूळच राहिलं नाही तर? जानेवारी २००३मध्ये पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट फिल्मवरची जुनी रिळं जळाली. त्यांत प्रभातच्या चित्रपटांचीही होती. काहींच्या नंतर काढलेल्या प्रती होत्या म्हणून ते चित्रपट आपण आज बघू शकतो. पण तुलना करायला मूळ रीळ आता कोणाकडे आहे? मूळ गेलं की नक्कल चांगली की वाईट, हे सांगणारा साक्षीदारच गेला.

हे सगळं मला नीट कळलं ते एका सिनेमामुळे नव्हे, एका घरगुती कॅसेटमुळे. १९९४ साली भातकापणीच्या दिवसांत मामूंनी तलासरीजवळच्या एका पाड्यावर तारपा नाच चित्रित केला होता. तेव्हा ते लग्नाची शूटिंग करू लागले होते. नवा कॅमेरा घेतला होता, तो चालवून बघायचा म्हणून गेले. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची कॅसेट. तारपा वाजवणारा त्या भागातला नावाजलेला माणूस होता. पुढे तो वारला. त्याचं दुसरं कुठलंही चित्रण नव्हतं.

२०१९ साली त्याचा नातू मला शोधत डहाणूला आला. कंपनीत नोकरी करणारा, हुशार मुलगा. म्हणाला, ‘आजोबांना मोबाइलवर घ्यायचंय. पोरांना दाखवायचंय.’ मी कॅसेट शोधून दिली. तोपर्यंत व्हीसीआर कुठे मिळेना. जगातल्या शेवटच्या कंपनीनंही २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं होतं. शेवटी एका शहरातल्या स्टुडिओनं काम घेतलं. आठ दिवसांनी पेनड्राइव्ह आला. आम्ही त्याच्या घरी, ओटीवर बसून नव्या टीव्हीवर लावला. घरची सगळी जमली होती. त्याची आजी दाराला टेकून उभी होती.

चित्र एकदम क्लिअर. रंग झगझगीत. खालची थरथरणारी पट्टी गायब. सूं सूं गायब. सगळे खूश. मी मात्र बघितलं, नाचाचं वर्तुळ लंबगोल झालं होतं. ते सांगावं की नाही या विचारात होतो, तेवढ्यात आजी नातवाला म्हणाली, ‘हा कोण वाजवतोय?’

नातू हसला. ‘अगं, आजोबाच की.’

ती म्हणाली, ‘तो नाय.’ आणि आत निघून गेली.

घरी येताना एसटीत मी त्याचाच विचार करत होतो. म्हातारीची नजर गेली म्हणावं, तर ती सकाळीच सुईत दोरा ओवत होती. मग मला पार्लरमधला तो ढोलवाला आठवला. त्याच्या कानांवरही मी असाच शक घेतला होता. घरी आलो, हेडफोन लावला आणि ऐकलं. तारपा वाळलेल्या भोपळ्याचा असतो, त्यात बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा भोंगा. त्यात एक सूर सारखा घुमत असतो, न थांबणारा, तंबोऱ्यासारखा. त्याच्यावर चाल फिरते. स्टुडिओतल्या सफाईच्या यंत्राला वाटलं, हे सारखं घुमतंय म्हणजे पंखा असणार. त्यानं तो घुमारा पुसून टाकला होता. चाल राहिली, तिच्याखालची जमीन गेली.

सुदैवानं नातवानं मूळ कॅसेट टाकून दिली नव्हती. मी एका ओळखीच्या माणसाकडून ती पुन्हा उतरवून घेतली. त्याला बजावलं, ‘काही साफ करू नकोस. ताणू नकोस. आहे तसं दे.’ त्यानं दिलं. खाली थरथरती पट्टी, रंग विटलेले, बाजूला काळे पट्टे, मागे सूं सूं. नातवाला ते बघून वाईटच वाटलं असावं. आम्ही पुन्हा ओटीवर बसलो. या वेळी आजी आपणहून पुढे येऊन बसली. घुमारा सुरू झाला. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं बोट वर केलं आणि म्हणाली, ‘इथं फुंक बदलली त्यानं.’

तारपा वाजवणारा श्वास सोडता सोडताच नाकानं नवा घेतो, सूर तुटू देत नाही. पण त्या अदलाबदलीत एक बारीकशी कंपनं येतात. मला ती तीनदा ऐकल्यावर कळली. तिला प्रत्येक वेळी कळत होती. ‘इथं. आता इथं.’ नातू टीव्ही सोडून तिच्याकडे बघत होता. त्यानं मोबाइलमध्ये ही दुसरी प्रत घेतली. पहिलीही ठेवली आहे, म्हणाला, रंगांसाठी.

श्रोतेहो, तुमच्याही घरी असं काहीतरी असेल. जुनी व्हीसीडी, लग्नाची कॅसेट, आईचा आवाज असलेली टेप. चार गोष्टी करा. मूळ वस्तू टाकू नका, कितीही चांगली नक्कल झाली तरी. कॅसेट उभी ठेवा, ओल आणि लोहचुंबक यांपासून दूर. आमच्यासारख्या किनाऱ्यावर राहत असाल तर बुरशी येत नाही ना, हे पावसाळ्यानंतर बघा. आणि उतरवून घेताना आधी एक जशीच्या तशी प्रत मागा, सफाईचं नंतर. दुकानदार म्हणेल, ‘एकदम क्लिअर करून देतो.’ त्याला म्हणा, आधी आहे तसं दे.

आणि मग ती प्रत घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दाखवा. ते माणूस आहे तोवर विचारून घ्या, प्रिंट कशी आहे?